रेंजचं खत

थोरलीनं उकिरड्यात दाताळं खुपसलं आणि वरून सासूचा आवाज आला, "हळू गं, कट होईल."

सासू उकिरड्याच्या माथ्यावर उभी होती. पाय घोट्यापर्यंत शेणात, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात ताटलीएवढा फोन आणि तोंड समोरच्या डोंगराकडे. पलीकडून तिची बहीण बोलत होती. विषय गुडघेदुखीचा होता आणि सकाळपासून तो डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर सरकला नव्हता.

"आत्याबाई, उतरा आता. खत मोकळं करायचंय मला."

"त्या अंगानं कर."

"त्या अंगाला न्हावी आहे."

"मग थांब की. खत कुठं पळून चाललंय?"

न्हावी खरंच होता. उकिरड्याच्या माथ्यावर दोन माणसं कशीबशी मावायची आणि दुसरी जागा त्याची होती. तो एका हातानं नाक दाबून सासऱ्याशी बोलत होता. नाक दाबल्यामुळं त्याचा आवाज सासऱ्याला ओळखू येत नव्हता.

"मीच बोलतोय," न्हावी सांगत होता. "तुमचा जावईच. दुसरं कोण इथं उभं राहील?"

खाली उतारावर आणखी तिघं-चौघं नंबर लावून उभे होते. त्यातल्या एकानं उभ्या उभ्या शेंगा खाल्ल्या आणि टरफलं खतात टाकली. दुसरा तंबाखू थुंकला. थोरलीनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

शेणाची तिला कधी किळस आली नव्हती. उलट उकिरड्यावर तिचा जीव होता. दोन वर्षं तिनं तो साठवला होता. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, गुरांनी तुडवलेला चारा, पाचोळा, सगळं थराथरानं टाकलं होतं. उन्हाळ्यात पाणी शिंपडून वरखाली केला होता. आता आतलं खत चहाच्या पुडीसारखं काळं आणि मोकळं झालं होतं. हातात घेतलं तर बोटांना चिकटत नव्हतं. किळस यायची ती त्यावर उभ्या असलेल्या माणसांची.

हे खत माळावरच्या तुकड्यासाठी होतं. घराची खालची जमीन चांगली होती, ती सासू आणि नवरा बघायचे. वरचा तुकडा मुरमाड. त्यात आजवर कुणी कुदळ मारली नव्हती, कारण मारली की कुदळच वाकायची. थोरलीनं तो मागून घेतला होता.

"कर, कर," सासू तेव्हा म्हणाली होती. "दगड पिकले तर भिंत बांधू. पण हा पावसाळा शेवटचा बरं का. यंदा तिथं हिरवं दिसलं तर तुकडा तुझा. नाही दिसलं तर धाकट्याला दे. त्याला तिथं शहामृग पाळायचेत."

धाकट्याला सगळं गाव स्कीम म्हणायचं. तो थोरलीचा दीर. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी घेऊन यायचा. एकदा त्यानं उंदीर पळवून लावणारा दिवा आणला होता. कोठारात लावला. उंदीर पळाले नाहीत, पण पूर्वी अंधारात चाचपडत खायचे ते उजेडात निवांत खाऊ लागले. अशा माणसाला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळं घरात धाकटी सून आलीच नव्हती आणि थोरली एकटीच थोरली होती.

या खेपेला स्कीमनं फोन आणले होते. शहरातल्या कुणीतरी त्याला खोकंभर फोन स्वस्तात गळ्यात मारले. मोठे, चकचकीत, पाठीवर डोळे असल्यासारखे चार-चार कॅमेरे. ते कुठल्या तरी दुसऱ्याच देशासाठी बनवलेले होते. खोक्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येईनात. स्कीम म्हणाला, म्हणूनच भारी आहेत. फोनबरोबर त्यानं एका नव्या कंपनीचं सिम काढलं. कंपनी निम्म्या दरात बोलू देते, एवढं सांगितल्यावर सगळी आळी आपले जुने नंबर घेऊन त्या कंपनीत गेली. या कंपनीचा स्वतःचा एकही टॉवर नव्हता. ती दुसऱ्याच्या टॉवरवर भाडेकरू होती. भाडेकरूच्या घरी आपण आणखी पोटभाडेकरू म्हणून जातोय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थोरलीला फोन नको होता. स्कीमनं तिचाही नंबर नेला. "वहिनी, घरच्यांनीच घेतला नाही तर बाहेरचे काय म्हणतील?"

फोन सुरू झाले. चित्रं हलू लागली, गाणी वाजू लागली, जगातल्या सगळ्या मांजरांची ओळख झाली. फक्त कुणाला फोन लागेना आणि कुणाचा येईना. नंबर फिरवला की आतून काहीतरी हुंकार द्यायचं आणि गप्प व्हायचं. लोकांनी फोन झटकले, पुसले, उन्हात ठेवले. न्हाव्यानं शेवटी वैतागून आपला भिरकावला. तो थोरलीच्या उकिरड्याच्या माथ्यावर पडला आणि वाजला.

सासऱ्याचा फोन होता.

त्या दिवसापासून उकिरडा थोरलीचा राहिला नाही.

लोकांनी गोठ्याच्या पत्र्यावर चढून बघितलं, झाडावर बघितलं, शेजारच्या माडीवर बघितलं. कुठंच नाही. गोठा आणि माडी यांच्या मधल्या फटीतून डोंगर दिसायचा आणि त्या फटीत बरोब्बर उकिरड्याचा माथा. तिथं उभं राहिलं तरच. का ते कुणालाही कळेना.

थोरलीला थोडंफार कळलं, तेही नको असताना. स्कीमनं एकदा माथ्यावरून कंपनीला फोन लावला. भर दुपारची वेळ, बाकी कुणी नव्हतं. थोरली खाली खत ओलं करत होती. स्कीमनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, कारण तो कानाला लावला की कानाला वास लागायचा. बराच वेळ पलीकडून नुसती पेटी वाजली. पेटीबरोबर स्कीम हळूहळू खाली रुतत गेला. नडगीपर्यंत रुतल्यावर एक मुलगी बोलली.

"आपला फोन आमच्या यादीत नाही, सर."

"म्हणजे?"

"त्यावरून कॉल करता येणार नाही."

"मग आत्ता काय करतोय मी?"

"यादीनुसार आपण कॉल करू शकत नाही, सर."

"अहो, तुमच्याशी बोलतोय ना मी."

"मी आपली अडचण समजू शकते, सर."

मग तिनं न थांबता सांगितलं की यादीतल्या फोनवर नव्या पद्धतीनं कॉल लागतात. यादीत नसलेल्यांवर फक्त जुना टॉवर मिळेल तिथंच लागतात. आपल्या भागात असा जुना टॉवर एकच उरलाय, डोंगरावर. "आपण सध्या कुठं आहात, सर?"

स्कीमनं खाली बघितलं. "बाहेर."

"जिथं आहात तिथंच राहा, सर."

"आणि परत जुन्या कंपनीत जायचं असेल तर?"

"नंबर आणल्यावर तीन महिने हलवता येत नाही, सर. आज माझ्याशी बोलून आपलं समाधान झालं का?"

स्कीमनं फोन बंद केला आणि पाय उपसून काढला. एक चप्पल आतच राहिली. ती थोरलीनं दाताळ्यानं काढून दिली. तिला चपलेचीही किळस आली.

"वहिनी, तुम्ही काही ऐकलं नाही," स्कीम म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं," थोरली म्हणाली.

संध्याकाळी लोकांनी त्याला घेरलं. उकिरड्यावरच का, सांग. फोन यादीतले नाहीत असं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला उकिरड्यात पुरलं असतं आणि तिथून त्याला सगळ्यांशी बोलता आलं असतं. म्हणून त्यानं गळा साफ केला.

"हे बघा, खत कुजतं तेव्हा आत उष्णता तयार होते. हात घालून बघा, चटका बसतो. ही उष्णता लहरींना खेचून घेते. परदेशात मोठमोठ्या टॉवरच्या पायात हेच भरलेलं असतं."

"शेण?" न्हाव्यानं विचारलं.

"शास्त्रीय भाषेत वेगळं नाव आहे."

न्हाव्यानं हात घालून बघितला. चटका बसला. त्यानं मान डोलावली आणि तो हात विजारीला पुसला. थोरली तोंडाला पदर लावून गोठ्यात निघून गेली.

पाऊस जवळ आला होता. दुपारी ढग डोंगरावर येऊन बसायचे आणि संध्याकाळी काही न बोलता उठून जायचे. माळावर खत टाकायचं तर आताच, नंतर चढाची वाट चिखलात जाते आणि तिथं चाक चालत नाही. थोरलीनं ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली सांगून ठेवली होती. पंचक्रोशीत एकच ट्रॉली. ट्रॅक्टरवाल्याची पद्धत ठरलेली होती. निघण्याआधी तो फोन करायचा. उचलला तर यायचा, नाही उचलला तर पुढच्याकडं वळायचा. एकदा न विचारता गेला होता आणि घराला कुलूप होतं, तेव्हापासून.

म्हणजे थोरलीला उकिरड्यावर थांबणं भाग होतं. ती पहाटे चढून उभी राहिली. स्वतःच्या खतावर चपला घालून उभं राहताना तिला पाप लागल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं चपला खाली काढल्या. उजाडल्यावर रांग लागली.

"थोरले, उतर आता," सासू खालून म्हणाली. ती हल्ली काठी घेऊन रांगेची व्यवस्था बघायची. "सगळ्यांना बोलायचंय."

"ट्रॅक्टरवाल्याचा फोन यायचाय."

"येईल तेव्हा येईल. तू बोलत तर नाहीयेस. नुसती उभी आहेस. नुसतं उभं राहायला जागा अडवायची नाही, असा नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"मी."

थोरलीनं नवऱ्याकडं बघितलं. तो दारात दात घासत होता. त्याला कुठलीही गोष्ट विचारली की दोन्ही बाजू पटायच्या.

"तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला. "आईचंही बरोबर आहे."

"मग चूक कुणाची?"

त्यानं चूळ भरली.

म्हैस ओरडत होती. थोरली उतरली, धार काढायला गेली. बादली घेऊन परत येईपर्यंत न्हावी नाक दाबून उभा होता आणि दिवस कासराभर वर आला होता. ट्रॅक्टर आला नाही. दुपारी ती चालत ट्रॅक्टरवाल्याच्या घरी गेली. तो चाक काढून बसला होता.

"वहिनी, मी केला होता फोन. एक बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही."

"मी आहे की अस्तित्वात."

"ते आता दिसतंय. पण फोनवर बाई सांगेल तेच ऐकावं लागतं माणसाला. मी गेलो मग खालच्या वाडीला. आता पाऊस येईस्तोवर तिकडंच आहे मी. शब्द दिलाय."

"शब्द मला पण दिला होता."

"तुम्हाला फोन करीन असा दिला होता. केला."

त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. परत येताना वाटभर ती त्या फोनकडं बघत होती. कमरेला खोचलेला फोन गरम झाला होता, ओल्या चिकट बेडकासारखा अंगाला लागत होता. काचेवर सासूच्या गालाचं तेल होतं, कारण सासूच्या फोनची बॅटरी उतरली की ती हाच घेऊन चढायची. थोरलीनं तो पदरानं पुसला आणि पदरही धुवायला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटी घेतली.

"डोक्यावरून नेणार एवढं?" सासू म्हणाली. "म्हातारी होशील तोवर."

"होते मग."

नवऱ्यानं पाटी उचलून दिली, आणि देताना आईकडं बघून मानही हलवली. थोरलीनं पहिली पाटी माथ्यावरून भरली, कारण चांगलं मुरलेलं खत तिथंच होतं आणि लोकांच्या पायांखालून ते तिला आधी वाचवायचं होतं. रांगेतला शिंपी तेव्हा वर होता. त्याला एका पायावर सरकवून तिनं भरली.

चढ दमवणारा होता. माळावर पोचून तिनं पाटी उतरवली तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. समोर मुरूम, दगड आणि दरीपलीकडं डोंगर, अगदी तोंडासमोर. त्यावर काडीसारखा टॉवर.

कमरेत फोन वाजला.

ती दचकली. तो फोन तिच्या हातात कधी वाजलाच नव्हता, त्यामुळं कुठला तरी किडा ओरडला असं तिला वाटलं. तिनं उचलला.

"अभिनंदन," एक बाई म्हणाली. "आमच्या कंपनीच्या उत्तम सेवेबद्दल आपल्या मित्रमैत्रिणींना सांगा आणि मिळवा..."

थोरलीनं फोन दगडावर ठेवला. बाई बोलत राहिली. इकडं तिनं डोंगर बघितला, पाटी बघितली, खाली गाव बघितलं. त्या मुलीनं सांगितलेला जुना टॉवर तो हाच. इथं मधे गोठा नाही, माडी नाही. ती थोडा वेळ बसली. कंपनीचा पहिला उपयोग झाला तो हा, की बसून विचार करता आला.

ती खाली आली तेव्हा शिंपी ओरडत होता की कट झाला. माथा पाटीभर खाली गेला होता आणि रेंज पण. सासू काठी आपटत होती.

"काय केलंस गं? तुझी पाटी गेली आणि फोन बंद पडला."

"मी काही नाही केलं. पाटी नेली माळावर. तिथं माझा फोन वाजला."

रांग तिच्याकडं वळली.

"वाजला?" न्हावी म्हणाला. "पाटीजवळ?"

"पाटीजवळच."

"म्हणजे खताबरोबर रेंज गेली वर?"

"मला काय कळतंय त्यातलं. भावजींना विचारा."

सगळ्यांनी स्कीमकडं बघितलं. स्कीमनं थोरलीकडं बघितलं. थोरली पाटी झटकत होती. त्याला कंपनीतली मुलगी आठवली, आणि थोरलीनं काढून दिलेली चप्पल पण आठवली असावी.

"शास्त्राप्रमाणे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जाणारच."

"खात्री कशी करायची?" शिंप्यानं विचारलं.

"आणखी एक पाटी नेऊन बघू," सासू म्हणाली.

दुसरी पाटी न्हाव्यानं स्वतः नेली, फोन दातात धरून. चढावर मध्येच तो थांबला, मग पळत सुटला. थोड्या वेळानं माळावरून त्याचा आवाज आला. नाक मोकळं होतं आणि सासऱ्यानं त्याला पहिल्याच हाकेला ओळखलं होतं. इकडं उकिरडा आणखी बसला आणि उरलीसुरली रेंजही गेली.

त्यानंतर जे झालं ते बघून थोरलीला आपल्या गावाविषयी जे थोडं बरं वाटत होतं तेही गेलं. हीच माणसं. घरचा केर काढायचा तर कंबर धरणारी. शिंपी घमेलं घेऊन आला, डेअरीवाला दुधाचे कॅन रिकामे करून आला. एकानं पोराची पाळण्याची झोळी आणली. खत भरभरून चढावर चालू लागलं, मुंग्यांच्या रांगेसारखं. ज्यानं तंबाखू थुंकला होता तो दोन्ही हातांनी ओंजळी भरत होता. शेंगांची टरफलं टाकणारा टरफलं वेचून बाजूला काढत होता, रेंज कमी होईल म्हणून.

"सांडू नका," सासू काठीनं रस्ता दाखवत होती. "वाटेत सांडलं तर रेंज वाटेतच राहील."

स्कीमलाही खत न्यावं लागलं. शास्त्र त्याचंच होतं.

संध्याकाळपर्यंत उकिरड्याच्या जागी ओला चौकोन उरला आणि माळाच्या मधोमध उकिरडा उभा राहिला. लगेच लोक त्यावर चढले. पुन्हा नाकं दाबली गेली, सासू पुन्हा काठी घेऊन नंबर लावू लागली. खत ढीग करून टाकलं तर जमिनीला त्याचा काय उपयोग? थोरलीनं आभाळाकडं बघितलं. ढग आज उठून गेले नव्हते. ते डोंगरावरून उतरून दरीत आले होते आणि वारा एकदम थंड झाला होता.

"भावजी," ती म्हणाली, "ढीग एकच असला तर परत रांगच लागणार का हो?"

"लागणार."

"आणि पसरला तर?"

स्कीम दोन खेपांनी घामाघूम झाला होता. त्याला एकच कळत होतं, पुन्हा रांग लागली की लोक पुन्हा त्यालाच धरणार.

"पसरला तर सगळीकडं येईल," तो मोठ्यानं म्हणाला. "एका वेळी सगळे बोला. पण सारखा पसरा. जिथं जाड पडेल तिथं आवाज घुमेल."

कुणी फावडी आणली, कुणी हातानं. दिवस मावळेपर्यंत तुकड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात खत गेलं, एकसारखं, जसं थोरलीनं मजूर लावूनही करून घेता आलं नसतं. आणि मग सगळ्यांनी एकदम फोन लावले. माळावर उभं राहून सारी आळी एकाच वेळी आपापल्या पाहुण्यांना सांगत होती की ऐकू येतंय, स्पष्ट येतंय, शेजारी उभं असल्यासारखं. पहिला थेंब पडला तेव्हाही सांगत होती. पाऊस आडवा झाला तेव्हा पळाली. सासू शेवटी निघाली, कारण तिच्या बहिणीचा विषय आता कुठं उजव्या गुडघ्यावर आला होता.

थोरली भिजत उभी राहिली. खत मुरमात उतरत होतं. काळं पाणी दगडांच्या फटीत जात होतं. हाताला वास येत होता आणि तिला तो चांगला वाटला.

पुढचे दिवस तिनं मुरमात बी टोकण्यात आणि बांधाला काटेरी फांद्या रोवण्यात काढले. "आत पाय ठेवलात तर खत दबेल," एवढंच ती म्हणाली. लोक बांधावरून बोलू लागले. बांधावरही रेंज येत होती, वाऱ्यानं उडून थोडं खत तिथं गेलं असणार, असं न्हाव्यानं सांगितलं. काहीजणांनी जाताना मूठमूठ खत घरी नेलं, पिशवीत बांधून दाराला टांगलं. शिंप्यानं तर फोनच्याच पाठीला चिकटपट्टीनं लावलं, चारही कॅमेरे झाकून.

मुरमातून कोंब आले. आधी हिरवी धूळ सांडल्यासारखे, मग बोटभर. सासू बांधावर आली, वाकून बघितलं, हात लावून बघितला.

"हिरवं आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"दिसतंय की." मग हात झटकत, "धाकट्याला सांगते, शहामृग दुसरीकडं बघ म्हणावं."

"तिचंही बरोबर आहे," नवरा पाठीमागून म्हणाला. या खेपेला दुसरी बाजू त्याला सापडली नाही, म्हणून तो तिथंच थांबला.

एका सकाळी सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. कंपनीचा संदेश होता. आपला फोन आता आमच्या यादीत घेतला आहे, बंद करून पुन्हा चालू करा. लोकांनी केला. घरात, गोठ्यात, खाटेवर पडल्या पडल्या फोन लागू लागला. आळीत आनंदीआनंद झाला. संदेश अर्ध्या लोकांनी वाचला नव्हता आणि ज्यांनी वाचला त्यांना पटला नाही. कंपनीनं आजवर काय केलं होतं म्हणून आता करेल? दाराला टांगलेलं खत आता कुठं गुण द्यायला लागलं, असं ठरलं.

"मी सांगितलंच होतं," स्कीम म्हणाला. त्याच्याही दाराला पिशवी होती. थोरलीनं त्याला आठवण करून दिली की त्या मुलीनं फोनवर काय सांगितलं होतं. तो तिच्याकडं इतक्या निरागसपणे बघत राहिला की तिला कळलं, हा खरंच विसरला. तिला इतकी शिसारी आली की ती पाटी उचलून माळाकडं निघाली.

पीक गुडघ्याला लागलं तेव्हा खालच्या वाडीचा एक जण दारात आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, वरच्या खिशात तसाच ताटलीएवढा फोन. उंबऱ्याशी घुटमळला.

"वहिनी, ते रेंजचं खत तुमच्याकडंच मिळतं ना?"

थोरली त्या ओल्या चौकोनावर नवा थर टाकत होती. तिनं दाताळं टेकवलं. याला सांगावं का सगळं, टॉवर, यादी, मुलगी, डोंगर? तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड ऐकून घेणारं नव्हतं, ते पटवून घ्यायला आलेलं होतं.

"मिळतं," ती म्हणाली. "तुमच्या गोठ्यातलं शेण ट्रॉलीभर आणून इथं टाका. जाताना मूठभर घेऊन जा."

"ट्रॉली मीच आणायची?"

"ट्रॅक्टरवाला तुमच्या वाडीला शब्द देतो. फोन करा त्याला."

तो तिसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन आला, ट्रॅक्टरवाला थोरलीची नजर चुकवत होता. शेण उतरलं. थोरलीनं मूठभर खत काढून माणसाच्या हातावर ठेवलं. त्यानं नाकाजवळ नेलं, डोळे मिटले, आणि इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात फोनशेजारी घातलं. खिशाखाली काळा डाग पसरला.

"एवढ्यात किती दिवस येते हो रेंज?"

थोरलीनं दाताळं उचललं.

"वास येतोय तोवर."